हसेपर्यंत खाली ठेवायचं नाही

एका गावात एक भोळा बाप होता. त्याचं नाव लिंबाजी. कामाला वाघ. गुऱ्हाळावर उसाच्या मोळ्या वाहायचा. दोघांना उचलेना ती मोळी हा एकटा उचलायचा. पण देवानं दंडात ताकद भरताना डोक्याकडं बघितलंच नव्हतं. एकदा पोस्टमन त्याला "जरा थांब, आलोच" म्हणून गेला आणि विसरला. दुसऱ्या दिवशी टपाल घेऊन आला, तर लिंबाजी तिथंच उभा.

अशा माणसाला चार पोरं. थोरली शेवंता सहा वर्षांची. मग दगडू आणि धोंडू ही जुळी. आणि कडेवरची चिंगी. चौघंही गुणी, पण झोपल्यावर. बायको कौसा चार पोरं आणि पाचवा नवरा असा गाडा हाकत होती.

कौसाचं माहेर गावातच, वरच्या आळीला. तिच्या धाकट्या बहिणीचं, यमूचं लग्न ठरलं. कौसाला एकच हौस होती. करवली व्हायचं, हातात दिवा घेऊन यमूच्या मागं उभं राहायचं. दोन भावांच्या लग्नात तिला धड अक्षताही टाकता आल्या नव्हत्या. एकदा दगडू कढीच्या पातेल्यात बसला. एकदा धोंडू नवरदेवाच्या घोड्याच्या शेपटीला लोंबकळला.

तिनं वडिलांना, तात्यांना विचारलं.

"करवली तू? आन् पोरं कोण संबाळणार?"

"त्यांचा बाप हाय की."

"जावईबापू?" तात्यांनी मिशीला पीळ दिला. "त्येंच्यापाशी मी मांजराचं पिल्लू ठेवायचो न्हाई. ऐक कौसे. मांडवात एक जरी पोरगं रडलं, तर दिवा तुझ्या चुलतबहिणीच्या हातात."

तात्या म्हणजे कडक माणूस. बैल मेला, विहीर आटली, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी कुणी पाहिलं नव्हतं. ते बोलले की बोलले.

लग्नाला चार दिवस उरले. कौसा शेवया करायला माहेरी निघाली. जाताना म्हणाली, "पोरांवर नजर ठेवा."

संध्याकाळी येऊन बघते तर पिठाचा डबा उपडा. दगडू पांढरा, धोंडू पांढरा, चिंगी पांढरी, मांजरसुद्धा पांढरं. आणि लिंबाजी उंबऱ्यावर बसून टक लावून बघतोय.

"अवो, ह्ये काय?"

"नजर ठेवलीया. पापणी लवू दिली न्हाई. काय बी इचार. पैल्यांदा शेवंतानं झाकण काढलं, मग दगडूनं..."

कौसानं कपाळावर हात मारला. "नुसतं बघत बसायचं नसतं वो! असं पांढरंफटक कोण दिसलं, की धरायचं, न्हाणीत बसवायचं, दोन घागरी पाणी वतायचं आन् खसाखसा घासायचं."

"आत्ता कळलं," लिंबाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कौसा पापड लाटायला गेली. दुपारी बाबालाल गिरणीवाला दळण पोचवायला दारात आला. बिचारा दिवसभर गिरणीत उभा. टोपीपासून वहाणांपर्यंत पांढरा. लिंबाजीनं त्याला धरला, न्हाणीत बसवला, दोन घागरी ओतल्या आणि काथ्यानं खसाखसा घासला. पोरांनी आनंदानं साबण पुरवला. बाबालाल घरी गेला तेव्हा त्याच्या बायकोनं आधी दार उघडलं नाही. तिनं इतका स्वच्छ नवरा कधी पाहिला नव्हता.

"अवो, घरी आल्यालं माणूस ते!" कौसा ओरडली. "दारात कोण आलं तर पाटावर बसवायचं, गूळपाणी द्यायचं. उठाय लागलं तरी 'बसा की, घाई काय' म्हणायचं."

"आत्ता कळलं."

तिसऱ्या दिवशी कौसा हळद कुटायला गेली. दारात आलं माकड. लिंबाजीनं पाट मांडला. गूळपाणी दिलं. माकडानं गूळ खाल्ला, पाणी धोंडूच्या डोक्यावर ओतलं आणि उठलं.

"बसा की, घाई काय," लिंबाजी म्हणाला आणि त्यानं गुळाची ढेपच पुढं केली.

माकड बसलं. मग माकडाची मंडळी आली. मग मंडळींचे पाहुणे आले. घरातले पाट संपले तेव्हा त्यानं शेजारून पाट मागून आणले. कौसा आली तेव्हा आठ माकडं पंगतीला होती आणि मधे दगडू. आपला कुठला, हे तिला चड्डीवरून ओळखावं लागलं.

तिला हसू येत होतं आणि रडूही. उद्याचा एकच दिवस उरला होता. "अवो, असल्यांना थारा द्यायचा न्हाई! थाळी बडवायची, 'हाऽऽड हाऽऽड' करून वरडायचं, आन् वेशीपतुर पिटाळायचं!"

"आत्ता कळलं."

चौथ्या दिवशी कौसा रुखवत मांडायला गेली. इकडं चिंगी झोपेतून उठली आणि आईसाठी भोकाड पसरलं. लिंबाजीनं थाळी घेतली. धाडधाड बडवली. "हाऽऽड! हाऽऽड!" चिंगी आणखी रडली. ते बघून जुळी रडली. शेवंताला कारण नव्हतं, पण मागं कशाला राहायचं म्हणून तीही रडली. कौसा परतली तेव्हा चौघं वेशीवर ओळीनं रडत उभी होती आणि लिंबाजी थाळी बडवत होता.

कौसा मटकन खाली बसली. तिच्या डोळ्यांसमोरून करवलीचा दिवा विझत चालला होता. तिनं नवऱ्याचा हात धरला आणि अगदी हळू, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "ऐका. जो रडंल त्याला कडंवर घ्यायचं. तोंडात गुळाचा खडा घालायचा. 'ती बघ चिऊ, तो बघ काऊ' म्हणत लांब फिरवून आणायचं. आन् हसंपर्यंत खाली ठेवायचं न्हाई."

लिंबाजीनं बायकोच्या डोळ्यांतलं पाणी बघितलं. त्याला वाईट वाटलं, मनापासून वाटलं. "कौसा," तो म्हणाला, "ह्ये म्या इसरायचो न्हाई."

लग्नाचा दिवस उजाडला. लिंबाजी खिसाभर गूळ घेऊन मांडवात उभा राहिला. चिंगीचा ओठ बाहेर आला, की कडेवर. दगडूचं नाक फुरफुरलं, की गूळ. धोंडू पडला, की चिऊ-काऊ. रडं फुटायच्या आत पोरगं मांडवाबाहेर, आणि हसत परत. मंगलाष्टकं झाली. कौसा दिवा धरून उभी होती. सहा वर्षांत पहिल्यांदा तिच्या कडेवर कुणी नव्हतं. तिला एका अंगाला हलकं हलकं वाटत होतं. तात्यासुद्धा म्हणाले, "जावईबापू सुधारले."

मग पाठवणीची वेळ झाली.

यमू बैलगाडीत बसली. करवली म्हणून कौसाही चढली, पोरांना मागं बसवलं. गाडी हलली आणि आजवर कधी न हललेली तात्यांची मिशी हलली. मग हनुवटी हलली. आणि भर मांडवात तात्यांना हुंदका फुटला.

लिंबाजीनं तो ऐकला. तो पुढं झाला, वाकला आणि फेट्यासकट सासऱ्यांना कडेवर घेतलं.

"अरं, अरं, सोड!" तात्या ओरडले. तोंड उघडलं तसा आत गूळ गेला.

"उगी, तात्या, उगी. ती बघा चिऊ. तो बघा काऊ."

आणि निघाला. मारुतीच्या देवळावरून, तळ्याच्या बांधावरून, लांब फिरवायला. मांडवातलं रडं कुठल्या कुठं पळालं. मंडळी पोट धरून लोळायला लागली.

"खाली ठेव म्हणतो ना!"

"हसा आधी."

आता तात्यांनी आयुष्यात हसायची सवय ठेवली नव्हती. त्यामुळं चाल लांबत गेली. गाडीवाट सोडून आडवाटेनं एक शिवार झालं, दुसरं झालं.

दिवस मावळायला नवरीची गाडी तिच्या सासरच्या वेशीत पोचली. तर तिथं, व्याह्यांच्या माणसांत, लिंबाजी उभा. कडेवर तात्या.

"अजून हसलं न्हाईत," तो कौसाला काळजीनं म्हणाला.

यमूनं गाडीतून डोकं बाहेर काढलं. "तात्या! पाठवणी माझी, आन् सासरी तुमी आधी?"

तेव्हा मात्र तात्या हसले. खो खो हसले. कडेवरच्या कडेवर गदगदा हलले. लिंबाजीनं सुटकेचा श्वास सोडला आणि त्यांना अलगद खाली ठेवलं. तात्या जमिनीवर बसून हसत राहिले, इतके, की हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

लिंबाजीनं ते पाणी बघितलं. खिसा चाचपला. गुळाचा एक खडा उरला होता.

तो पुन्हा वाकला.