वस्ताद हयात असताना मारलेला ठसा

एकदा एक गुळाचा मोठा व्यापारी होता आणि त्याला आपल्या मोटारीचा आवाज पसंत नव्हता. मोटार परदेशी होती, लाल रंगाची, दोनच माणसांची आणि वाऱ्याशी झोंबणारी. घाटात दरवर्षी जी मोटारींची शर्यत होते तीत तो उतरत असे आणि दरवर्षी मागे पडत असे. पण मागे पडण्याचे दुःख त्याला बेताचेच होते. खरी बोच ही होती, की एवढी महागाची गाडी चौकातून गेली तरी पानपट्टीवरचा माणूस मान वळवून पाहत नाही.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट सांगून ठेवतो. अशा दृष्टांतात शेवटी शिष्याला आपली चूक कळते, तो गुरूचे पाय धरतो आणि श्रोते समाधानाने घरी जातात. या कथेतला शिष्य तसले काही करणार नाही. नम्र शिष्यांच्या कथा पुष्कळ आहेत, ज्यांना त्या हव्यात त्यांनी त्या खुशाल ऐकाव्यात.

तर तो व्यापारी लोहारगल्लीतल्या एका वृद्ध वस्तादाकडे आला. हा वस्ताद मोटारींचे सायलेन्सर आणि त्यांचे पाइप हाताने घडवीत असे. भाजून कोरडी केलेली वाळू पाइपात ठासून भरायची, दोन्ही तोंडे बंद करायची, मग पाइप तापवून वाकवायचा. म्हणजे वळणावर तो चेपत नाही. हे काम गल्लीत अनेक जण करीत. पण वस्तादाच्या पाइपाला एक खोल, भारदस्त आवाज होता. लोक घरात बसून सांगत, वस्तादाची गाडी गेली. त्या आवाजाचा नमुना म्हणजे भिंतीवर टांगलेली, वाकवलेली एक लोखंडी सळई. पाइप त्या सळईबरहुकूम वळवला जाई आणि त्याच्या टोकाच्या चकतीवर वस्तादाचा ठसा मारला जाई.

ठशाबाबत त्या गल्लीत एक रीत होती. शिष्य कितीही तयार झाला, तरी गुरू हयात असेतो त्याने स्वतःचा ठसा मारायचा नाही. काम शिष्याचे, ठसा गुरूचा. ही रीत कोणी घालून दिली हे कोणाला ठाऊक नव्हते, आणि मोडायचे कोणाच्या मनातही येत नव्हते. रीतीचा अर्थ माहीत नसला की माणसे ती अधिक निष्ठेने पाळतात, हे मी आयुष्यभर पाहत आलो आहे आणि आयुष्यभर त्याचा मला राग आला आहे.

वस्तादाचा शिष्य दौलत हा त्याच दुकानात पोराचा बाप्या झाला होता. वयामुळे हात थरथरू लागल्यापासून वस्ताद बराचसा भार त्याच्यावर टाकीत असे. व्यापाऱ्याची गाडीही त्याने त्याच्याकडेच सोपवली.

"वस्ताद, आवाज असा पाहिजे की चौकात गाडी चालू केली तर बाजार समितीत कळलं पाहिजे," व्यापारी म्हणाला. "नळी चांगली रुंद लावा. तोफेगत."

"लावतो की," वस्ताद म्हणाला. "दौलत, सळई काढ."

दौलतने सळई काढली नाही. त्याने गाडी खाली बसून पाहिली, चालवून पाहिली, पुन्हा खाली बसून पाहिली. इंजिनातून जळालेला वायू सलग बाहेर पडत नाही, धक्क्याधक्क्याने पडतो. पाइपाची लांबी नेमकी साधली, तर पुढे गेलेला धक्का मागच्याला ओढून घेतो. इंजिनाचा श्वास मोकळा होतो आणि जोर वाढतो. लांबी चुकली की आवाज राहतो आणि जोर जातो. वस्तादाची सळई ज्या इंजिनांसाठी वळवली गेली ती संथ, दमदार इंजिने होती. हे इंजिन त्यांच्या दुप्पट वेगाने फिरणारे होते. त्याला आखूड पाइप हवे होते, एकसारख्या लांबीचे, आणि मागची नळी व्यापाऱ्याला हवी होती तिच्यापेक्षा बरीच अरुंद. दौलतने तसे पाइप घडवले, जोडले आणि चकतीवर ठसा मारला. त्याचा स्वतःचा ठसा.

गाडी सुरू झाली तेव्हा शेजारच्या दुकानांतले हातोडे थांबले. आवाज उंच, बारीक आणि धारदार होता. त्या गल्लीने असा आवाज कधी ऐकलेला नव्हता.

"ही मोटार हाय का पिपाणी?" व्यापारी म्हणाला.

वस्ताद खाली वाकला. चकतीवरून त्याने अंगठा फिरवला आणि बराच वेळ तो तसाच वाकून राहिला. उठला तेव्हा त्याचा चेहरा काळवंडला होता.

"काढ ते," तो म्हणाला. "ठसाही काढ आन् पाइपही काढ. असला आवाज माझ्या दुकानातनं भाईर जायचा न्हाई."

"काढणार न्हाई, वस्ताद."

"मी अजून जिता हाय, दौलत."

"म्हणूनच तुम्हाला ऐकवला," दौलत म्हणाला. "सळई या इंजिनाला चुकीची हाय. तुमचा ठसा मारून मी चुकीचं काम देणार न्हाई. आन् बरोबर काम केलंय त्याच्यावर तुमचा ठसा मारून तुमच्या आड लपणार न्हाई. चुकलं तर माझं नाव खराब व्हायला पाहिजे."

गल्लीत गुरूला कोणी असे बोलले नव्हते. वस्तादाने दाराकडे बोट दाखवले. शर्यतीनंतर या दुकानात तुझे काम नाही, असे त्याने स्वच्छ सांगितले. दौलतला दुसरे दुकान नव्हते, आणि गुरूने काढलेल्या माणसाला त्या गल्लीत कोणी उभे करीत नसे. व्यापाऱ्याने मध्यस्थी करून पाहिली: शेठ म्हणून मी सांगतो, वस्ताद म्हणतात तसे कर, तुला पुढेमागे स्वतःचे दुकान घालून देईन. दौलतने त्याच्याकडे पाहिलेही नाही. तो घाबरलेला होता. तरीही तो हलला नाही.

अखेर असे ठरले, की शर्यतीच्या आदल्या सकाळी सरावासाठी घाट बंद असतो, तेव्हा दोन्ही पाइप लावून पाहावेत. वस्तादाने कापऱ्या हातांनी, कोणाची मदत न घेता, सळईबरहुकूम आपला पाइप वळवला. व्यापाऱ्याला हवी तेवढी रुंद नळी लावली आणि आपला ठसा मारला.

सकाळी घाटात आधी वस्तादाचा पाइप जोडला गेला. व्यापाऱ्याने गाडी सोडली आणि दरी दणाणली. पहिल्या वळणावरचे बघे उठून उभे राहिले. पायथ्याला गाडी झेपावली. पण वरच्या चढावर, जिथे इंजिन सगळ्यात जलद फिरायला हवे, तिथे ते गुदमरू लागले. मग दौलतचा पाइप जोडला. सुरुवातीला गाडी जराशी अडखळली. मधला टप्पा ओलांडला आणि ती अशी सुटली, की वरपर्यंत तिचा जोर वाढतच गेला. वेळ मोजणाऱ्या माणसाने घड्याळ पाहिले आणि दोन्ही फेऱ्यांच्या वेळा मोठ्याने वाचून दाखवल्या. दौलतची वेळ कितीतरी कमी होती.

व्यापारी खाली आला. "वस्ताद, तुमचाच लावा," तो म्हणाला.

दौलतला वाटले, आपण चुकीचे ऐकले. "शेठ, घड्याळ बघितलंत न्हवं?"

"घड्याळ एक माणूस बघतो बाबा. आवाज सगळा घाट ऐकतो. पहिल्या फेरीला लोक उठून उभारले. तुझ्या फेरीला कोण हललं? मला वस्तादांचा आवाज पाहिजे आन् वस्तादांचा ठसा पाहिजे."

म्हणजे वस्ताद जिंकला होता. गिऱ्हाईक त्याचे, ठसा त्याचा, रीत शाबूत. दौलत अवजारे गोळा करू लागला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते आणि ते त्याने लपवले नाही.

सगळे दुकानात परतले. गाडीखालून दौलतचा पाइप अजून काढायचा होता. वस्तादाने आपला पाइप उचलला, वाइसच्या जबड्यात घट्ट आवळला, लोखंड कापायची करवत घेतली आणि तो पाइप मधोमध कापायला सुरुवात केली.

व्यापारी धावला. "अहो, काय करताय? मला त्योच पाहिजे."

"माझा पाइप तुम्हाला मिळणार न्हाई, शेठ."

"पण मी तुमचीच बाजू घेतली की."

"तेच तर," वस्ताद म्हणाला. म्हाताऱ्या हातातले पाते सारखे घसरत होते. तरी तो थांबला नाही. "गाडीखाली हाय त्यो घेऊन जावा, न्हाईतर गाडीसंगट आलेला मूळचा कारखान्याचा परत लावून देतो. तिसरं काय या दुकानात न्हाई."

"घड्याळावर हरलात म्हणून चिडलाय तुम्ही."

"चिडलोच हाय."

व्यापाऱ्याने आवाज चढवला. गल्लीत दुकाने कमी नाहीत म्हणाला, पुन्हा पायरी चढणार नाही म्हणाला, उद्या सकाळी कारखान्याचा पाइप लावून ठेवा, गाडी न्यायला माणूस येईल म्हणाला आणि निघून गेला. वस्तादाने पाइपाचे दोन तुकडे भंगारात टाकले आणि घाम पुसला.

आता दौलतने पाय धरायला हवे होते. तो उलट संतापला.

"वस्ताद, माझी दया करू नगा. माझ्यापायी गिऱ्हाईक घालवलंत, हे मला नको हाय."

"दया?" वस्ताद म्हणाला. "मला तुझा आवाज आवडलेला न्हाई. कानाला टोचतोय. मी तुझी परीक्षा घेत हुतो असं वाटतंय का तुला? न्हाई. मी तुला खरंच काढलं हुतं. मला खरंच वाटलं हुतं की तू चुकलास."

"मग कापला कशाला?"

वस्ताद स्टुलावर बसला. दम लागल्यामुळे तो थांबून थांबून बोलला.

"माझ्या वस्तादांची सळई येगळी हुती. तिच्यावर मी कैक वर्षं काम केलं. ती चुकतीय हे मला लई आधी कळलं हुतं. नवी सळई मी वाकवली हुती, पत्र्यामागं लपवून ठेवली हुती. बोललो न्हाई. त्यांना वाईट वाटंल म्हणून बोललो न्हाई, आन् त्यालाच मी निष्ठा म्हणत आलो. ते गेले, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी माझा पाइप केला, माझा ठसा मारला. सगळं गाव म्हणालं, काय आवाज हाय. पण ज्या एका माणसानं ऐकावं असं वाटत हुतं, त्यानं त्यो ऐकलाच न्हाई. आवडला असता का, शिव्या घातल्या असत्या का, मला आजपर्यंत ठावं न्हाई. तू मला तोंडावर ऐकवलास. राग आला. पर निदान मी तुझा आवाज ऐकला. आज त्या शेठनं माझ्या नावाखाली चुकीचं काम मागितलं आन् मला ग्वाड वाटलं, दौलत. त्ये ग्वाड वाटलं म्हणून कापला."

दौलतने विचारले, "आन् घड्याळ माझ्या विरुद्ध गेलं असतं तर?"

"तर माझा पाइप कापला नसता. तुझा पाइप तुलाच कापाय लावला असता."

"आन् मला?"

"तुला ठेवलंच असतं. पर त्ये मला आज कळलं. काल इचारलं असतंस तर न्हाई म्हणालो असतो."

दौलतला हसू आले. इतका प्रामाणिक गुरू क्वचितच कोणाच्या वाट्याला येतो. मी अनेक गुरू पाहिले. आपल्याला सगळे आधीपासून ठाऊक होते, असे ते नेहमी म्हणतात.

"पाइप काढायच्या आधी एकदा चालू कर," वस्ताद म्हणाला. "दार उघडं ठेव. गल्लीला ऐकू जाऊ दे. कुणाच्या ठशाचा म्हणून इचारलं तर तुझं नाव सांगतो."

"तुम्हाला आवडत न्हाई न्हवं?"

"न्हाईच आवडत. तू चालू कर."

दौलतने गाडी सुरू केली. तो उंच, बारीक आवाज गल्लीभर गेला. समोरच्या दुकानातला म्हातारा कारागीर रागाने बाहेर आला. त्याच्या मागे त्याचा शिष्य आला. गुरू आत परतला तरी तो दारातच ऐकत उभा राहिला. वस्ताद कपाळाला आठ्या घालून, एक हात कानामागे धरून, गाडी बंद होईपर्यंत स्टुलावर बसून होता.

तो व्यापारी पुढे दुसरीकडून हवा तसा पाइप लावून आला. आजही त्याची गाडी लांबून ऐकू येते, आणि घाटात ती आजही मागेच असते.

ज्यांच्याकडून शिकलात त्यांना नाही म्हणायचे असेल, तर ते ऐकायला आहेत तोवर म्हणा. मी सांगितलेले हे ज्यांना पटले नसेल, त्यांनी तसे मला तोंडावर सांगावे; मी अजून आहे.