तातू तांडेलाची हाक

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते मला विचारू नका. माझ्या आजालाही ती ऐकूनच ठाऊक होती. समुद्रकाठच्या पालवाडीत तातू नावाचा तांडेल, म्हणजे मच्छीमारांचा म्होरक्या, होता. रापण ओढायची वेळ झाली की तो हाक द्यायचा आणि सगळी वाडी पुळणीवर धावायची. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं अवाढव्य जाळं. दोराला ज्याचा हात लागेल त्याला मासळीचा वाटा, मग तो पोर असो की म्हातारा.

एके वर्षी जाळ्यात इतकी मासळी शिरली की दर्या चांदीचा झाला, असं म्हणतात. सगळ्यांनी जोर लावला, पण जाळं तसूभर हलेना. दोर करकरू लागला. आता तुटणार, असं वाटत असताना तातू वाळूत उभा राहून ओरडला, "कोण रवला?" म्हणजे, यायचं कोण राहिलं?

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग कुणीतरी म्हणालं, "सगुणाबाय."

सगुणाबायचा नवरा दर्यात बुडाला होता. तेव्हापासून तिनं दार लावून घेतलं होतं. आधी लोक हाक मारायचे, मग तेही विसरले. दोन वर्षं ती वाडीत असून नसल्यासारखी होती.

"एका म्हातारेचो हात तो केवढो!" लोक कुरकुरले. तातू मात्र दोर सोडून थेट तिच्या दारात.

"माझो हात नसलो तर काय दर्या आटतलो?" ती आतूनच म्हणाली.

"दर्या आटाचो नाय. पण जाळा येणा नाय. चल, उठ!"

बडबडत का होईना, ती आली. तिनं दोराला हात लावला मात्र, जाळं असं सरकन आलं की अख्खी वाडी वाळूत उताणी पडली! तातू तर बांगड्यांच्या टोपलीतच बसला. ते बघून सगुणाबाय हसली, आणि हसता हसता रडली. मासळीचा ढीग माडाएवढा झाला, सात गावची मांजरं जेवून गेली, असं म्हणतात. भरती लागली म्हणून जाळं सुटलं, असंही काही शहाणे म्हणतात. म्हणोत बापडे. दुसऱ्या दिवशी सगुणाबाय हाकेच्या आधीच पुळणीवर हजर होती, ते कुठल्या भरतीनं?

अजूनही पालवाडीत तातूच्या नावानं "कोण रवला?" विचारल्याशिवाय रापण ओढत नाहीत. तान्ह्या बाळाच्या मुठीला दोर लावतात, आजाऱ्याला खुर्चीसकट उचलून आणतात. मासळी निसटली तर निसटू देतात.

गेल्या वर्षी शाळेत नव्या बाई आल्या. कुणाशी ओळख नाही, शाळा सुटली की खोलीचं दार बंद. एका सकाळी दार वाजलं. बाहेर ओल्या हातांची चार माणसं उभी. "बाई, चला. तुमी रवल्यात."

त्या दिवशी जाळ्यात जेमतेम पाटीभर तारली आली. बाईंनी मात्र लिहून ठेवलेला बदलीचा अर्ज फाडून टाकला.