साहेबाने हात लावलेला हंडा

समुद्रापलीकडे, गोऱ्यांच्या अमलातल्या एका बंदरात आवडी नावाची एक बाई पाणी वाहायची. नवऱ्याबरोबर कोकणातून आली होती. गावी खोताच्या अंगणात वाकून वाकून तिच्या आईची पाठ कायमची वाकली होती. ते बघूनच आवडीने मनाशी ठरवलं होतं, कष्ट वाटेल ते करीन, पण असं वाकायचं नाही.

बंदरात आल्या वर्षीच अंगावर पेटी पडून नवऱ्याचा पाय गेला. मग घर आवडीच्या डोक्यावर आलं आणि डोक्यावर हंडा. झऱ्यावरून पाणी आणायचं, धक्क्यावरच्या पिंपांत ओतायचं. जहाजं तेच पाणी घेऊन निघायची. गळ्यात पितळेचा बिल्ला असेल तरच धक्क्यावर पाऊल टाकता येई. बिल्ला गेला की चूल विझली.

भरला हंडा काही एकटीने डोक्यावर चढत नाही. म्हणून पाणी वाहणाऱ्या बायकांत एक रीत होती. वाटेत कुणी तहानलेल्याने हंडा उतरवायला लावला, तर पाणी पिऊन झाल्यावर त्यानेच हात लावून तो परत चढवायचा.

झरा आणि धक्का यांच्या मधोमध बंदराच्या साहेबाचा बंगला होता. एक दिवस साहेबाने फर्मान काढलं, बंगल्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाने कमरेत वाकून सलाम करायचा. हमाल वाकले, कोळी वाकले, दुकानदार तर गरजेपेक्षा जास्तच वाकले. आवडी मात्र हंडा घेऊन ताठ चालायची. भरल्या हंड्याने वाकणार कशी? आणि येताना हंडा रिकामा, तरी तो डोक्यावरच!

मुकादम धोंडू तिला खिजवायचा, "काय गं आवडे, रिकामा हंडाही खाली घेववत नाही का?"

"परमुलखातली हवा भरलीय त्यात, दादा. सांडेल की!"

बाकीच्या बायकाही हसत हसत तसंच करू लागल्या. आता साहेब झाला तरी त्याला डोळे होतेच. एका सकाळी तो पायरीवर येऊन उभा राहिला. काठी आवडीकडे रोखली आणि काहीतरी गुरगुरला.

धोंडू म्हणाला, "हंडा उतरव म्हणतायत. आणि मग वाक."

मागच्या बाईने हात लावला. हंडा खाली आला. आवडी मात्र कमरेवर हात ठेवून उभीच.

"वाक ना गं बाई!" धोंडू काकुळतीला आला. "बिल्ला काढून घेतील. पांगळ्या नवऱ्याला काय खायला घालशील?"

क्षणभर आवडीला घरचं खाटलं दिसलं. मग आईची पाठ दिसली. तिने गळ्यातला बिल्ला काढला आणि हंड्याशेजारी मातीत ठेवला.

"साहेबाला सांगा दादा, हंडा उचलताना वाकेन. पण ज्याने उतरवायला लावला, त्याने समोरून हात लावायचा."

धोंडू घाबरून स्वतःच पुढे झाला. "तुम्ही नाही," आवडी म्हणाली. "हुकूम तुमचा नव्हता."

तिच्या मागे एकेक हंडा खाली आला. बायका रस्त्यातच बसल्या. तिकडे धक्क्यावर पिंपं कोरडी, आणि जहाजाला भरतीबरोबर निघायचं. कप्तान तणतणत बंगल्यावर आला. बायकांकडे बघितलं, साहेबाकडे बघितलं आणि त्याच्यावरच ओरडला.

साहेबाचा चेहरा लालबुंद झाला. पण तो पायऱ्या उतरला. समोरून आवडी वाकली, समोरून साहेब वाकला. दोघांची डोकी अगदी सारख्या उंचीवर आली. हंडा आवडीच्या डोक्यावरच्या चुंबळीवर बसला.

आवडी निघाली आणि थांबली. "दादा, साहेबाला म्हणावं, बिल्ला राहिला खाली. माझी मान आता हंड्याखाली अडकलीय."

कप्तानाने घड्याळ काढलं. साहेब पुन्हा वाकला.

त्या दिवसापासून बायका पाणी घेऊन निघाल्या की साहेब बंगल्याच्या मागच्या बाजूला जाऊन बसू लागला. आवडीची खापरपणतवंडं अजून त्या बंदरात राहतात. त्यांच्या दारात कुणी ओझं घेऊन आलं, तर घरातला सगळ्यात मोठा माणूस आधी हात लावायला उठतो.

तात्पर्य: दुसऱ्याचं ओझं उचलायला वाकण्यात लाज नाही, कुणाचा तोरा सांभाळायला मात्र, पोटावर पाय आला तरी, वाकू नये.