स्मशानाचं उद्घाटन

मंडळी, विश्वास कुणावर ठेवावा? गोड बोलणाऱ्या पुढाऱ्यावर, की माझ्या दुकानात गूळ चाखून विकत न घेताच जाणाऱ्या गोदूआत्यावर?

जिल्हा परिषदेचे अध्यक्ष भगवंतराव ढमाले यांना गावालगतची स्मशानाची जागा मेहुण्याच्या मंगल कार्यालयासाठी हवी होती. नवं स्मशान ओढ्यापलीकडे, जिथे पावसाळ्यात जिवंत माणूसही पोचत नाही.

"नवी जागा फर्स्टक्लास आहे. कुणाची हरकत?" ग्रामसभेत ठराव मांडून त्यांनी विचारलं.

गोदूआत्या उठली. "हरकत कसली, साहेब! मुतारीपासून टाकीपर्यंत सगळ्याचं उद्घाटन तुम्हीच केलंत. याचंही तुम्हीच करा. तिरडी आम्ही सजवतो!"

सभा अशी हसली की ठरावाला हात वर करायला कुणी उरलंच नाही. अध्यक्षांनी घाम पुसत ठराव मागे घेतला.

तेव्हा बाबांनो, तुमच्या गावात कुणी कशाचं उद्घाटन केलं आणि कुणासाठी, याचा हिशेब तेवढा प्रामाणिकपणे ठेवा.