एक चिमूट बरणीसाठी

आटपाट नगर म्हणावं एवढं मोठं, पण फडताळाच्या दुसऱ्या फळीवर मावणारं एक राज्य होतं. ती होती चिनी मातीची बरणी. तिच्यात पाणी होतं, गाजराचे तुकडे होते आणि काही कोटी जंतू होते. जंतू म्हटलं की नाक मुरडू नका, हे चांगल्या घरातले होते. गाजरातली साखर खायची आणि पाणी आंबट करायचं, हा त्यांचा पिढीजात धंदा. त्या आंबटपणाला घाबरून बाहेरचे दुष्ट जंतू बरणीत पाऊल टाकत नसत.

तळाशी, एका जाड गाजराच्या कडेला विरजाबाई राहत. त्यांच्या जमातीत लग्नबिग्न नसतं. पोटभर खायचं, अंगाने भरायचं आणि एके दिवशी मधोमध विभागून दोन व्हायचं. शेजारीण एका दिवसात आठ झाली होती. विरजाबाईंना फक्त दोन व्हायचं होतं. बाकी त्यांचं जगाकडे काही मागणं नव्हतं.

राजे बुरसेमहाराज वर, पाण्यावर पांढरी साय धरून पसरलेले असत. बरणीत काहीच न करणारे ते एकटेच, म्हणून त्यांना राजा केलं होतं. झाकणाला आतून जमणारे गोड्या पाण्याचे थेंब फक्त त्यांच्यासाठी राखीव होते.

एके दिवशी महाराजांनी भाषण केलं. "माझ्या लाडक्या जंतूंनो, शत्रू झाकणापाशी आला आहे. अशा वेळी मी तुमच्याकडे काय मागतो? काही नाही. उलट देतो आहे. एक चिमूट मीठ, बरणीसाठी."

टाळ्या झाल्या, मीठ पडलं. आणि विरजाबाईंच्या अंगातलं पाणी बाहेर पळायला लागलं. अंग सुरकुतलं, पोट खपाटीला गेलं. पण बाई हिकमती होत्या. गाजराच्या रसातून त्यांनी पाणी धरून ठेवणारं सत्त्व गोळा केलं आणि पोटात साठवलं. अंगाभोवतीची भिंत नव्या चरबीने लिंपून घेतली. आत घुसलेलं मीठ मागच्या दाराने बाहेर फेकायला लागल्या. खाल्लेलं सगळं या कामातच खर्च होई आणि दोन होणं लांबणीवर पडे. शेजाऱ्यांनाही त्यांनी हे सगळं शिकवलं. काहींना ते वेळेत जमलं नाही. विरजाबाईंना फार वाईट वाटलं.

मग पाहणीसाठी मंत्री फसफसे खाली आले. त्यांच्या अहवालानुसार एकाही मेलेल्या जंतूने तक्रार केली नव्हती.

"काय विरजाबाई, कसं काय?" मंत्र्यांनी विचारलं.

आता तळाकडच्या लोकांची एक रीत होती. पाहुण्यापुढे रडगाणं गायचं नाही. कितीही हाल असले तरी दारात आलेल्याला एकच उत्तर द्यायचं. विरजाबाईंनी ते दिलं.

"जमतंय हळूहळू."

मंत्र्यांनी ते लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली गेली की जनतेला जमतंय, सबब दुसरी चिमूट. विरजाबाईंनी पुन्हा लिंपलं, पुन्हा साठवलं. मंत्री पुन्हा आले, सवयीने बाईंच्या तोंडून तेच गेलं आणि तिसरी चिमूट पडली. तीन चिमटी एकदम पडल्या असत्या तर बाई पहिल्याच दिवशी खलास झाल्या असत्या. थोडं थोडं सोसल्याने त्या तगल्या. दरबाराने याला 'क्षारक्रांती' असं नाव दिलं.

मंत्री परत आले तेव्हा विरजाबाईंनी रीत मोडायची ठरवली. तळाकडे असं कुणी केलं नव्हतं.

"नाही जमत हो साहेब," त्या म्हणाल्या. "मीठ उपसण्यात सगळा दिवस जातो. मला दोन व्हायचंय."

मंत्री कौतुकाने हसले. "अहो बाई, तुम्ही उभ्या आहात, वर तक्रार करताय. म्हणजे किती छान जमतंय."

चौथ्या चिमटीआधी निवडणूकही झाली. साधं मीठ, सैंधव आणि पादेलोण असे तीन उमेदवार होते. लोकशाही असल्यामुळे निवड ज्याची त्याची होती.

विरजाबाईंनी नाद सोडला नाही. उपसता उपसता त्या रोज एक घास जास्त खात गेल्या, आणि मतमोजणीच्या दिवशी खरोखरच मधोमध विभागून दोन झाल्या. तळाशी सगळ्यांनी फेर धरला. विरजाबाई आनंदाने रडल्या, अंगात पाणी कमी असूनसुद्धा. दोघींतली मुलगी कोण हे ठरवायला अडचण आली नाही. जिला कमी आठवत होतं ती मुलगी.

विरजाबाईंनी तिला जवळ घेतलं. "पूर्वी इथलं पाणी नुसतं पाणी होतं गं बाळा. अंग कसं टुमटुमीत असायचं. एका दिवसात आठ व्हायचो आम्ही."

मुलगी चौथ्या चिमटीच्या स्वागतसमितीवर होती, तिला घाई होती. तरी तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"असेल गं आई," ती म्हणाली, "पण मीठ यायच्या आधी बरणीत काही झालंच नव्हतं म्हणे."