‘काही नाही’ आणि ‘कळलं नाही’

“पण बाई, ‘कळलं नाही’ असं पेशंटच्या तोंडावर कसं सांगता तुम्ही?”

डॉ. सारंग बोडसचा आवाज जरा चढलाच. सुवर्णपदक घेऊन तालुक्याच्या रुग्णालयात आलेला तो. उत्तर येत नाही असा प्रश्न त्याला परीक्षेतसुद्धा भेटला नव्हता.

वरिष्ठ डॉक्टर उकिडवे बाई हात धूत होत्या. तातडीच्या विभागात त्यांची तीस वर्षं गेली होती.

“तू काय सांगितलं होतंस?”

“रक्त ठीक, सोनोग्राफी ठीक. म्हटलं, काही नाही, घरी जा.”

“हं... आणि सासू काय म्हणाली?”

पोट धरून बसलेली वैजू मांडवकर सारंगला आठवली. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत शेजारी उभी असलेली म्हातारी सासू फणकारली होती, “बघितलंस? काय नाय झालेलं तुला. ऊठ, चल.”

वैजूने मान खाली घातली होती. बिचारीचं दुखणंच खोटं ठरलं होतं.

तेवढ्यात बाई आल्या होत्या. स्टूल ओढून बसल्या, पोट तपासलं आणि म्हणाल्या, “कशानं दुखतंय, ते आम्हाला अजून कळलं नाही.”

मग त्यांनी सासूचा हात धरून सुनेच्या पोटावर ठेवला. “आत्ता मऊ लागतंय ना? कडक लागलं, ताप आला, की तुम्ही हिला परत आणायचं. उद्यावर टाकायचं नाही.”

आता बाईंनी धुतलेले हात पुसले. त्या पुढच्या खाटेकडे वळल्या.

सारंगला मात्र आपली अब्रू गेल्यासारखं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच म्हातारी सुनेला रिक्षात घालून हजर झाली. अपेंडिक्स होतं. फुटायच्या आत निघालं.

टाके काढायच्या दिवशी म्हातारीने कोकमांची पिशवी आणली, ती नेमकी सारंगच्याच हातात दिली.

“डॉक्टर, ‘कळलं नाय’ म्हणालात, म्हणून मी सारखी हात लावून बघत होते. ‘काय नाय’ धरून बसले असते तर माझी पोर गेली असती.”

सुवर्णपदकवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“मावशी, ते बाई म्हणाल्या होत्या. मी नव्हे.”

“कोणी का म्हणेना, बाबा. म्हणालात ना?”

ती गेली. पिशवी छातीशी धरून सारंग बाईंकडे गेला. बाईंचे उपकार कसे मानावेत, ते त्याला सुचेना.

“बाई... तुम्हाला तेव्हाच संशय आला होता ना?”

“नाही रे.”

“मग माहीत काय होतं?”

बाहेर पुढचा पेशंट कण्हत होता. बाईंनी स्टूल सारंगकडे सरकवलं.

“तिला दुखतंय, एवढंच.”