तू तिथे काय करत होतीस?

माळावर माणसांपेक्षा मेंढ्याच जास्त होत्या, तेव्हाची गोष्ट. भरदुपारी लांडग्याने कळपातलं कोकरू उचललं. राखणीचा कुत्रा ढाण्या धावत आला आणि मेंढ्यांवरच खेकसला, "डोळ्यांदेखत नेलं, आणि एकीनेही हाक मारली नाही? तोंडं शिवली होती का?"

म्हातारी मेंढी उसळली. "मागच्या खेपेला मारली होती मी हाक! तेव्हा लांडगा राहिला बाजूला, तू माझ्यावरच गुरगुरलास, 'तू तिथे काय करत होतीस?' आज कोकराची आई समोर उभी आहे. विचार तिलाही!"

ढाण्याने कान पाडले. आईजवळ जाऊन त्याने पहिल्यांदाच विचारलं, "कुठल्या बाजूला गेला?"

"आत्ता तू आमच्यावर भुंकत होतास ना," ती म्हणाली, "तेव्हा तुझ्या पाठीमागूनच ओढ्यात उतरला."